नदीचा गाळ आणि आपले ताट

पाण्याचा वास गेला, फेस नाहीसा झाला, तळाचे दगड दिसू लागले की नदी सुधारली, असे आपण म्हणतो. पण रोग्याचा चेहरा टवटवीत दिसला म्हणून कोणी डॉक्टर नाडी पाहायचे सोडत नाही. नदीची नाडी तिच्या पाण्यात नसते, ती तिच्या तळाच्या गाळात असते. पाणी आज येथे असते, उद्या दहा कोस पुढे जाते. गाळ मात्र जागेवर राहतो आणि वर्षानुवर्षे नदीत जे जे सोडले गेले त्याचा हिशेब आपल्यापाशी ठेवतो.

गाळातले आणि मातीतले हे विष माणसाच्या शरीरापर्यंत कसे पोहोचते, हे आजच्या लेखात पाहू. त्यासाठी जपानमधील दोन गावांची हकीकत समजून घेतली पाहिजे, कारण या विषयाचे जगाला मिळालेले मोठे धडे तेथलेच आहेत.

विष तळाशी का बसते?

कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू नदीत येतात. शेतातून कीटकनाशके येतात. यांतील बरीचशी द्रव्ये पाण्यात फार काळ तरंगत राहत नाहीत. चिकणमातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला ती चिकटतात आणि कणांबरोबर खाली बसतात. म्हणून नदीचे पाणी तपासले तर विष नाममात्र निघते आणि त्याच जागचा मूठभर गाळ तपासला तर कितीतरी पट अधिक निघते.

दुसरी गोष्ट अशी, की धातू कुजत नाही. भाजीचा देठ मातीत पडला तर महिन्याभरात त्याची माती होते. पाऱ्याचा किंवा शिशाचा कण शंभर वर्षांनीही पाऱ्याचा किंवा शिशाचाच कण राहतो. डीडीटीसारखी काही रसायने कुजतात, पण त्यांना अनेक वर्षे लागतात.

तळाशी बसलेले विष गप्प बसते असेही नाही. पूर आला, वाळूसाठी तळ उपसला गेला किंवा पाण्याचा आंबटपणा वाढला की ते पुन्हा मोकळे होते. पाऱ्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. जेथे प्राणवायू पोहोचत नाही अशा चिखलातील काही जीवाणू साध्या पाऱ्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात. हा मिथिल पारा साध्या पाऱ्याहून कितीतरी घातक असतो, कारण तो आतड्यातून जवळजवळ पूर्णपणे रक्तात शोषला जातो.

पहिला बळी माणसाचा नसतो

गाळ म्हणजे निर्जीव चिखल नव्हे. त्यात किडे, अळ्या, शिंपले, खेकडे, गोगलगायी राहतात. शेतातल्या मातीत गांडुळे आणि कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. गाळ विषारी झाला की प्रथम हे जीव कमी होतात. उरतात ते विष अंगात साठवून जगतात. त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे आणि मोठ्या माशांना बगळा, घार, मांजर आणि माणूस. या साखळीच्या प्रत्येक पायरीला विष घट्ट होत जाते. एका मोठ्या माशाने आयुष्यात हजारो लहान मासे खाल्लेले असतात आणि त्या सर्वांचा पारा त्याच्या मांसात जमा झालेला असतो. त्यामुळे पाण्यातील प्रमाणाच्या लाखो पट मिथिल पारा मोठ्या माशात सापडू शकतो. ताटावर बसलेला माणूस या साखळीच्या टोकाला असतो.

मिनामाता : मांजरे नाचू लागली तेव्हा

जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे गाव आहे. तेथे चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. १९३२ पासून तेथे असिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होऊ लागले. त्यासाठी पाऱ्याचा वापर होई आणि त्या प्रक्रियेत मिथिल पारा तयार होऊन सांडपाण्यावाटे समुद्राच्या खाडीत जाई.

१९५० नंतर कोळ्यांच्या वस्तीत विचित्र गोष्टी दिसू लागल्या. मासे पाण्यावर तरंगू लागले. शिंपले मेले. कावळे उडता उडता खाली पडू लागले. मांजरे झिंगल्यासारखी चालत, गरगर फिरत आणि मरत. लोकांनी या रोगाला मांजरांचा नाच असे नाव दिले. निसर्ग आपल्या परीने धोक्याची सूचना देत होता. ती वाचणारा कोणी नव्हता.

मग माणसांची पाळी आली. हातपाय बधिर होणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे, नजर आकसून नळीतून पाहावे तसे दिसणे, ऐकू न येणे, झटके येणे. कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य खात्याला कळविले, की मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग पसरत आहे. त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या रुग्णांत लहान मुली होत्या. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हा सेंद्रिय पाऱ्याचा परिणाम असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी खाण्यात मिसळून एका मांजराला दिले आणि त्याला तोच रोग झाला. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही.

उलट १९५९ च्या अखेरीस पाणी शुद्ध करण्याचे एक यंत्र मोठा समारंभ करून बसविण्यात आले. कंपनीच्या अध्यक्षांनी त्या वेळी सर्वांसमक्ष पेलाभर पाणी पिऊन दाखविले. पाणी स्वच्छ दिसत होते, पण ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनविलेलेच नव्हते. त्या आधी १९५८ साली सांडपाण्याचे तोंड खाडीवरून वळवून मिनामाता नदीच्या मुखाशी नेले होते. परिणाम एवढाच झाला, की नदीच्या मुखाजवळच्या वस्त्यांतही नवे रुग्ण दिसू लागले. पारा समुद्रात सोडणे थांबले ते १९६८ साली. तोवर सुमारे ७० ते १५० टन पारा खाडीत गेल्याचा अंदाज आहे. मधल्या काळात, १९६५ साली, जपानच्याच निइगाता भागात आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कारखान्यामुळे हाच रोग पुन्हा उद्भवला.

नाळेने दिलेली साक्ष

या प्रकरणातील सर्वांत दुःखद भाग गर्भातील बालकांचा आहे. पूर्वी वैद्यकशास्त्राची अशी समजूत होती, की वार ही गर्भाची भिंत आहे आणि आईच्या रक्तातले विष ती अडविते. मिनामातामध्ये मासे खाणाऱ्या काही आयांना किरकोळ त्रास होता किंवा काहीच नव्हता, पण त्यांची मुले मेंदूला इजा झालेली जन्मली. मिथिल पारा वार ओलांडून बाळाच्या रक्तात आणि वाढत्या मेंदूत शिरला होता. १९६२ साली हे अधिकृतपणे मान्य झाले.

बाळाची वाळलेली नाळ डबीत घालून जपून ठेवण्याची जपानी घरांत पद्धत आहे. डॉ. मासाझुमी हारादा यांनी पुढे अशा नाळा मिळवून त्यांतला पारा मोजला. कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळाला किती विष मिळाले, याची साक्ष त्या नाळांनी दिली. शास्त्राच्या इतिहासात असा पुरावा क्वचितच सापडतो.

कारखाना थांबला, गाळ थांबला नाही

१९६८ साली विष सोडणे थांबले म्हणजे प्रश्न मिटला असे कोणाला वाटेल. पण खाडीच्या तळाशी गाळ होताच. सांडपाण्याच्या तोंडाजवळच्या गाळात १९५९ साली टनामागे सुमारे दोन किलो पारा सापडला होता. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ साली खाडीच्या तोंडाशी जाळी बांधावी लागली. ज्या गाळात टनामागे २५ ग्रॅम किंवा अधिक पारा होता तो काढण्याचे किंवा झाकण्याचे काम १९७७ ते १९९० असे चालले. सुमारे १५ लाख घनमीटर गाळाचा बंदोबस्त करावा लागला आणि त्यावर सुमारे ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. खर्च आला सुमारे ४,८५० कोटी येन. मासे निर्धोक झाल्याचे जाहीर होऊन जाळी निघाली ती १९९७ साली, म्हणजे पारा सोडणे थांबल्यानंतर २९ वर्षांनी. दोन हजारांवर लोकांना सरकारने रुग्ण म्हणून मान्य केले. त्यांचे अधू झालेले मेंदू मात्र कोणत्याही यंत्राने उपसून स्वच्छ करता आले नाहीत.

मातीतून हाडांपर्यंत : जिंझू नदी

दुसरी हकीकत गोड्या पाण्याची आणि भाताच्या शेतीची आहे. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातू मिसळलेला असतो. केडीएमचे दागिने हा शब्द आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सोन्याचे सांधे जोडण्यासाठी वापरला जाणारा तो धातू म्हणजे हेच कॅडमियम. त्याचा धूर सोनारांच्या फुप्फुसांना अपायकारक ठरल्यामुळे ती पद्धत मागे पडली.

खाणीचे पाणी नदीत आणि नदीचे पाणी पाटाने भातखाचरांत जाई. दरवर्षी खाचरात थोडा गाळ बसे. जमीन दिसायला काळीभोर, पीकही बरे. पण त्या मातीतले कॅडमियम भाताच्या मुळांतून दाण्यात उतरत होते. लोक तेच भात तीन वेळा खात आणि तेच पाणी पीत.

रोग दिसला तो मुख्यतः पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत. कंबर आणि पाय असह्य दुखत. चाल बदकासारखी होई. हाडे मऊ पडत. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडे. या रोगाला इताई-इताई असे नाव पडले. आपल्याकडे आई गं, आई गं म्हणून कण्हावे, तसा त्याचा अर्थ. प्रथम हा कुपोषणाचा आजार मानला गेला. गावातच दवाखाना असलेले डॉ. नोबोरु हागिनो यांनी नदीच्या पाण्यावर आणि खाणीवर बोट ठेवले. १९६८ साली जपान सरकारने कॅडमियम हेच कारण असल्याचे मान्य केले.

कॅडमियम शरीरात गेले की मूत्रपिंडात साठते आणि तेथे दहा ते तीस वर्षे ठाण मांडते. मिथिल पारा निदान काही महिन्यांत बराचसा बाहेर पडतो, हे तसे पडत नाही. मूत्रपिंडाच्या बारीक नलिका बिघडल्या की हाडांना लागणारी द्रव्ये लघवीवाटे वाहून जातात आणि हाडे पोकळ पडतात. येथे आपल्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांच्या रक्तात लोह कमी असते त्यांचे आतडे कॅडमियम अधिक शोषून घेते. आपल्याकडे रक्तक्षय झालेल्या स्त्रिया घरोघरी आहेत, म्हणून हा मुद्दा परका समजू नये.

तेथील जमीन पुन्हा भातासाठी योग्य करण्याचे काम २०१२ साली पूर्ण झाले. तीस वर्षांहून अधिक काळ खपून ८६३ हेक्टर शेतीची दूषित माती खोल पुरली गेली आणि वर स्वच्छ माती पसरली गेली. आजही जपानमध्ये कॅडमियमचा धोका असलेल्या भागांत भात निसवण्याच्या आगेमागे तीन-तीन आठवडे खाचरात पाणी उभे ठेवण्याचा सल्ला देतात. पाण्याखाली कॅडमियम मातीत बांधलेले राहते, खाचर सुकले की ते मोकळे होऊन मुळांत शिरते. अर्थात जेथे मातीत आर्सेनिक आहे तेथे हा उपाय उलटा पडतो, कारण पाणी उभे राहिले की आर्सेनिक दाण्यात अधिक जाते. म्हणून मातीत नेमके काय आहे हे कळल्याशिवाय उपाय करता येत नाही.

आपला गाळ, आपले शिवार

आपल्याकडे गाळाला शेतकरी सोने मानतो आणि ते योग्यच आहे. डोंगर आणि शेते धुऊन तलावात आलेला गाळ जमिनीचा कस वाढवितो, ओल धरून ठेवतो. महाराष्ट्र शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली सुरू झाली, ती याच विचाराने. ज्या तलावाच्या वरच्या अंगाला केवळ रान आणि शेती आहे, तेथील गाळ बेलाशक न्यावा. भिण्याचे कारण नाही.

परंतु ज्या बंधाऱ्याच्या किंवा तलावाच्या वर औद्योगिक वसाहतीचा नाला, धातूंना मुलामा देणारे कारखाने, जुन्या बॅटऱ्या वितळविणाऱ्या भट्ट्या किंवा शहराचे मोठे सांडपाणी येऊन मिळते, तेथील गाळ शेतात टाकण्यापूर्वी तपासला पाहिजे. गाळ पसरायला एक दिवस लागतो, तो परत काढायला आयुष्य पुरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करू. अनेकांकडे मृद आरोग्य पत्रिका असते आणि त्यावर जमीन चांगली असे आलेले असते. या पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. त्या अशा : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. पारा, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक त्यात नसतात. म्हणजे पत्रिका उत्तम असूनही मातीत विष असू शकते. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. एकट्या शेतकऱ्याला तिचा खर्च जड वाटेल, पण एका तलावातून पन्नास जण गाळ नेणार असतील तर ग्रामपंचायतीने एकदाच नमुने तपासून घेणे सर्वांना परवडते.

घरात आणि शेतात काय करावे?

१) पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच.

२) मासे शिजविल्याने किंवा कातडी काढल्याने पारा जात नाही, तो मांसातच असतो. म्हणून मासे सोडू नयेत. मासा हा उत्तम आहार आहे. तारली, बांगडा यांसारख्या लहान माशांत पारा कमी असतो. मुशीसारखे मोठे शिकारी मासे गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी टाळावेत. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी पकडलेले मासे, खेकडे व शिंपले कोणीच खाऊ नयेत.

३) पालक, चुका, लाल माठ यांसारख्या पालेभाज्या मातीतले कॅडमियम सहज ओढून घेतात. कारखान्यांच्या नाल्याच्या पाण्यावर त्या पिकवू नयेत. भाजी धुतल्याने बाहेरची माती व शिसे जाते, पानात शिरलेले कॅडमियम जात नाही. तरी धुणे सोडू नये.

४) लहान मुले मातीत खेळतात आणि बोटे तोंडात घालतात. शिसे त्यांच्या बुद्धीला मारक आहे. भंगार, जुन्या बॅटऱ्या, खरवडलेला जुना रंग असलेल्या जागी त्यांना खेळू देऊ नये. जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला लावावेत.

५) पुरानंतर घरात आलेला चिखल ओला असतानाच काढावा. पायात गमबूट आणि हातात मोजे घालावेत. वाळून धूळ झाली तर नाकातोंडावर फडके बांधावे. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीने आणि २०२१ च्या पुरात चिपळूण-महाडने किती गाळ उपसला, हे सर्वांनी पाहिले आहे.

६) कीटकनाशकाचे डबे व पंप ओढ्यात धुऊ नयेत. वाहनाची व इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी, घरी फोडू नये.

७) पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर पारा झाडूने झाडू नये, मोरीत टाकू नये. खिडक्या उघडून, मुलांना दूर ठेवून, जाड कागदाच्या तुकड्याने थेंब गोळा करावेत आणि बाटलीत घट्ट बंद करून वेगळे ठेवावेत.

८) लोह, चुना व प्रथिने यांनी युक्त आहार घ्यावा. रक्तक्षय असेल तर उपचार करावेत. भरल्या पोटी आणि भरल्या रक्तात विष कमी शिरते.

डॉक्टरांना काय सांगावे?

हातपायांना मुंग्या, तोल जाणे, न समजणारी हाडदुखी, लघवीतून प्रथिने जाणे, लहान मुलांत पोटदुखी व चिडचिड, ही लक्षणे साध्या कारणांनीही होतात, हे खरे. पण एकाच वस्तीतील अनेकांना एकाच प्रकारचा त्रास होत असेल, किंवा ओढ्यातले मासे मरत असतील, मांजरे-कुत्री वेडीवाकडी चालत असतील, तर डॉक्टरांना ती माहिती अवश्य द्यावी. आपले पाणी कोठून येते, भाजी कोठली, जवळ कोणता कारखाना आहे, हेही सांगावे. मिनामाताचा रोग एका जागरूक डॉक्टरने कळविला, पण त्याआधी तो मांजरांनी आणि कावळ्यांनी सांगितलेला होता.

२०१३ साली जगातील राष्ट्रांनी पाऱ्याचा वापर कमी करण्याचा करार केला आणि त्याला मिनामाता हेच नाव दिले. भारतही २०१८ पासून त्यात सामील आहे. करार दिल्लीत मान्य होतो, त्याची अंमलबजावणी मात्र गावच्या ओढ्यावर होते. म्हणून पुढच्या ग्रामसभेत नदीच्या पाण्याचा विषय निघाला, की एक प्रश्न आवर्जून विचारा : पाणी तपासले, ठीक आहे, पण गाळ कोणी तपासला का?